लोगो आणि लेबलचं काम कोणाकडून करून घ्यावं? (घरगुती मसाले, मुंबई) – मदत हवी आहे

भाजणीवाली

नमस्कार मंडळी,

आत्या आणि मी मिळून घरगुती मसाले विकतो. गोडा मसाला, मालवणी मसाला, मेतकूट, थालीपिठाची भाजणी आणि चकलीची भाजणी. मिरची आणि खडा मसाला लालबागच्या मिरची गल्लीतून येतो, निवडणं-भाजणं मुलुंडच्या घरी. आजवर सोसायट्यांचे व्हॉट्सॲप ग्रुप आणि प्रदर्शनातले स्टॉल यांवर छान भागत होतं. साधा झिप पाऊच, वर पांढरं स्टिकर आणि त्यावर आत्याच्या अक्षरात नाव.

आता दादरचा एक दुकानदार माल ठेवायला तयार आहे. पण "माल एक नंबर, फक्त या पॅकिंगमध्ये मी शेल्फवर लावणार नाही" असं त्याने तोंडावर सांगितलं. दिवाळीच्या आधी चकलीची भाजणी त्याच्याकडे पोचायला हवी, म्हणजे गणपती उठेपर्यंत लेबलं छापून हातात पाहिजेत.

हवंय ते एवढंच: नावाचा मराठी लोगो आणि पाच लेबलं. छपाई सोडून बजेट २५ हजार, फार ताणलं तर ३०.

विचारपूस केली तर डोकंच फिरलं. लोअर परळच्या एका एजन्सीने ९० हजार अधिक जीएसटी सांगितले. त्यात ‘ब्रँड स्टोरी’ आणि इन्स्टाग्रामच्या पोस्टी आहेत, ज्या मी मागितल्याच नव्हत्या. ओळखीतला एक फ्रीलान्सर लोगोचे १२ हजार आणि दर लेबलाचे दीड हजार म्हणतो. गिरगावातला प्रेसवाला म्हणतो, छपाई माझ्याकडे करा, डिझाइन फुकट. धाकटा चुलत भाऊ म्हणतो, ताई, कॅन्व्हा ॲपवर एका संध्याकाळी करून देतो, पैसे कशाला घालवतेस? शिवाय फायव्हरसारख्या फ्रीलान्सर शोधायच्या साइट आहेतच, आणि स्पर्धा लावायच्या साइटही. आपण बक्षीस जाहीर करायचं, ढीगभर लोक डिझाइनं पाठवतात, त्यातलं एक उचलायचं.

९० हजार आणि फुकट यांच्यात नक्की काय विकत मिळतं, तेच कळत नाहीये. दाखवलेली चित्रं सगळ्यांचीच छान आहेत. ज्यांनी असं काम करून घेतलंय किंवा जे करतात त्यांनी कृपया सांगावं. व्यवसायाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, उगाच जाहिरात वाटायला नको.

चेंबूरचा छापखाना

ताई, डिझायनर नंतर. आधी छापणार कशावर ते ठरवा.

एका दुकानासाठी छापील पाऊचच्या वाटेला जाऊ नका. ग्रॅव्ह्युअरमध्ये (असे पाऊच छापायची पद्धत) प्रत्येक रंगाचा वेगळा सिलिंडर कोरावा लागतो. त्याचे पैसे आधी मोजायचे, वर किमान माल इतका घ्यावा लागतो की तुमच्या घरात ठेवायला जागा होणार नाही. आणि मजकुरातली एक ओळ बदलली की त्या रंगाचा सिलिंडर पुन्हा नवा. तुमच्यासाठी साधा पाऊच आणि डिजिटल प्रिंटचं स्टिकर, विषय संपला.

स्टिकर १२ बाय १८ इंचाच्या शीटवर छापतात. शीटवर किती लेबलं बसतात त्यावर एका लेबलाचा भाव ठरतो. डिझायनर मंडळी स्क्रीनवर सुंदर दिसेल ते माप घेतात आणि अर्ध्या सेंटीमीटरपायी शीटवरची अख्खी ओळ जाते. म्हणून प्रेसवाल्याला विचारून माप आधी काढा आणि तेच डिझायनरला द्या. चारी बाजूंनी ३ मिमी ब्लीड (कापण्यात जाणारी जादा छपाई) सोडायला सांगा. मॅट लॅमिनेशनचे पैसे वाचवू नका. नुसत्या क्रोमोला (स्टिकरचा चकचकीत कागद) मसाल्याचा तेलकट हात लागला की चार दिवसांत लेबल कळकट दिसतं.

रंगाचं एक. फोनवर दिसणारा भगवा आणि मिरचीचा लाल छपाईत तसा येत नाही, थोडा मरतो. एक शीट प्रूफ (नमुना) काढून बघितल्याशिवाय हो म्हणू नका.

फुकट डिझाइन आम्हीही देतो, म्हणून खरं सांगतो. ऑपरेटर कोरल या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये आधीच्या कुठल्या तरी गिऱ्हाइकाचं लेबल उघडतो, नाव बदलतो, नेटवरचा चकलीचा फोटो टाकतो. वीस मिनिटांचं काम. फाइल प्रेसच्या मशीनवर राहते. उद्या दुसरीकडे छापायला गेलात आणि सीडीआर (कोरलची मूळ फाइल) मागितली की मग कळतं फुकट म्हणजे काय ते. मी देतो, सगळे देत नाहीत.

बोरिवली स्लो

स्पर्धेचा प्रकार मी केलाय, कापडी पिशव्यांच्या धंद्यासाठी. साइटचं नाव घेत नाही, कारण चांगलं काम करणारेही तिथे भेटतात. पैसे साइटकडे अडकून राहतात आणि तुम्ही पसंती दिल्यावरच समोरच्याला मिळतात, ही सोय खरंच चांगली. पण डिझाइनं आली त्यातल्या निम्म्यांत तेच पान, तेच वर्तुळ, फक्त खालचं नाव वेगळं. जिंकलेला लोगो पुढे एका योगा क्लासच्या बोर्डावर दिसला, रंग तेवढा निळा. दोघांनीही एकाच स्टॉक साइटवरून उचललेला होता म्हणे. तक्रार केली, साइटने दिलगिरी व्यक्त केली. दिलगिरीचं मी काय करू?

वेलांटी

मी डिझायनर आहे. सध्या हात भरलेले असल्यामुळे तुमचं काम घेऊ शकणार नाही, त्यामुळे मोकळेपणी लिहिते.

तुम्ही लोगो आणि लेबलं एकाच गाठोड्यात बांधून भाव काढताय. ती दोन कामं आहेत. नावाची अक्षरं एकदा काढायची आणि वर्षानुवर्षं वापरायची. लेबलं सतत बदलणार: एमआरपी बदलेल, पत्ता बदलेल, उद्या आत्या म्हणतील कुळथाचं पीठही आणू या. म्हणून पैसे अक्षरांवर घाला. लेबलाचा एक सांगाडा नीट करून घ्या, ज्यात पुढची लेबलं प्रेसचा ऑपरेटरसुद्धा बसवू शकेल. हे झालं की तुमच्या ‘९० हजार की फुकट’ प्रश्नातली हवा निघून जाते. एजन्सी फसवत नसते. त्यांच्या बिलात बाजाराचा अभ्यास, तुमच्याशी बोलायला वेगळा माणूस, लोअर परळचं भाडं, सगळं असतं. पाच पाकिटांना त्यातलं काही लागत नाही, एवढंच.

फ्रीलान्सरचे १२ हजार स्वस्त की महाग हे अक्षरांवर ठरेल. त्याने हाताने अक्षरं घडवली असतील तर रास्त आहेत. तयार फॉन्टमध्ये नाव टाइप करून कान्याला मिरची लटकवली असेल तर बाराशेही जास्त. मुंबईत या कामाची मोठी परंपरा आहे. कमल शेडगे यांनी नाटकांच्या जाहिरातींसाठी काढलेली नावं आठवा. पेपरातल्या एवढ्याशा चौकटीत, नाटक विनोदी की गंभीर ते अक्षरावरूनच कळायचं. तेवढी अपेक्षा नको, पण पोर्टफोलिओ बघताना त्यातलं फक्त देवनागरी बघा. इंग्रजी कामं बाजूला ठेवा. बऱ्याच जणांकडे मग दाखवायला काही उरत नाही.

अजून एक साधी परीक्षा. त्याला ‘पौष्टिक थालीपीठ, मालवणी मिरची’ एवढी ओळ टाइप करून पीडीएफ पाठवायला सांगा. ‘मिरची’ची ‘मरिची’ आणि ‘पौष्टिक’चं ‘पौष्‌टकि’ होऊन आलं तर समजा की इलस्ट्रेटर या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये भारतीय लिप्यांचा कंपोझर (वेलांट्या-जोडाक्षरं नीट बसवणारी सोय) चालू करायचा असतो हे त्याला माहीत नाही, म्हणजेच त्याने मराठीत काम केलेलं नाही. माणूस हुशार असेलही. शिकायचं तर दुसऱ्याच्या लेबलवर शिकू दे.

मजकुरासाठी महागडे फॉन्ट लागत नाहीत. मुंबईच्याच ‘एक टाइप’ या फॉन्ट करणाऱ्या गटाचे मुक्ता आणि बालू गूगल फॉन्ट्सवर मोफत आहेत, धंद्याच्या कामालाही चालतात. आणि शेवटी दोन फाइली मागा: एक छपाईसाठी, अक्षरं कर्व्ह केलेली (म्हणजे फॉन्ट नसला तरी बिघडत नाहीत), आणि दुसरी मजकूर बदलता येईल अशी. श्रीलिपी या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये टाइप केलेली फाइल दुसऱ्याच्या मशीनवर उघडली की मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो, ते दुखणं छापखानेवाल्या दादांना विचारा.

चेंबूरचा छापखाना

नका विचारू. रोजचं आहे.

प्रभादेवीकर

जे.जे.ची मुलं का नाही कोणी सुचवली? सर जे. जे. उपयोजित कला संस्था १९३५ पासून हेच शिकवते आहे. आमच्याकडे प्रभादेवीला रचना संसद ही कलासंस्थाही आहे. शेवटच्या वर्षाच्या मुलांची कामं बिहान्सवर (डिझायनरांची कामं दाखवणारी साइट) सहज सापडतात, आणि त्यांत अक्षरांचा नाद असलेली दोन-चार हमखास असतात. तुमच्या बजेटात बसतील, मनापासून करतील.

वेलांटी

@प्रभादेवीकर, सूचना चांगलीच आहे, मीही तिथलीच. फक्त सबमिशनच्या दिवसांत फोन उचलत नाहीत! त्यांच्याकडून अक्षरं घ्या, छपाईची फाइल मात्र मुरलेल्या माणसाकडून तपासून घ्या.

कलम १९

कोणाकडूनही घ्या, पण कागद करा. आपल्याकडे समज असा की पैसे दिले म्हणजे लोगो आपला झाला. कॉपीराइट कायदा, १९५७ प्रमाणे कलाकृतीचा पहिला मालक सहसा ती करणारा. नोकरीत केलेलं काम नोकरी देणाऱ्याचं होतं, पण फ्रीलान्सर तुमचा नोकर नाही. हक्क तुमच्याकडे यायचे तर हस्तांतर लेखी आणि त्याच्या सहीचं लागतं (कलम १९). त्यातही मुदत लिहिली नाही तर ती ५ वर्षंच धरतात, आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. तेव्हा ‘कायमस्वरूपी, जगभरासाठी, सर्व माध्यमांसाठी’ हे शब्द घाला. एका पानाचं पत्र पुरतं. शेवटचा हप्ता त्या सहीनंतर द्या.

चुलत भावाला नाराज करायचं नसेल तर व्हॉट्सॲपवरच्या पोस्टी त्याच्याकडून करून घ्या. कॅन्व्हातली तयार चित्रं आणि टेम्प्लेटं सगळ्यांना खुली असतात. तुमच्यासारखंच चिन्ह शेजारच्या स्टॉलवर दिसलं तर भांडता येत नाही आणि त्याचा ट्रेडमार्कही होत नाही.

ट्रेडमार्कवरून आठवलं. अक्षरांवर खर्च करायच्या आधी हे नाव दुसऱ्या कोणाचं नाही ना ते बघा. सरकारी साइटवरचा शोध फुकट आहे. मसाले ट्रेडमार्कच्या वर्ग ३० मध्ये येतात. ऑनलाइन अर्जाची फी व्यक्तीला किंवा लघुउद्योगाला एका वर्गामागे ४,५०० रुपये, बाकीच्यांना ९,०००. लघुउद्योग म्हणून भरणार असाल तर उद्यम नोंदणी (लघुउद्योगाची सरकारी नोंद) हाताशी ठेवा.

भाजणीवाली

बाप रे, एका दिवसात केवढं शिकवलंत! सगळ्यांचे मनापासून आभार.

वेलांटीताई, तुमची ओळ त्या फ्रीलान्सरला पाठवली. पीडीएफ शुद्ध आली, वर "थालीपीठ दीर्घच ना?" असंही विचारलं. आत्या तिथेच खूश. आता त्याच्याशी लोगो आणि लेबलाचा एक सांगाडा एवढंच बोलते. बाकीची चार लेबलं प्रेसकडून बसवून घेऊ, म्हणजे खर्च पंधरा-सोळा हजारांच्या आसपास राहील आणि उरलेल्यातून ट्रेडमार्कची फी निघेल. पत्राचं त्याला सांगितलं, त्याची हरकत नाही. अर्धे पैसे आधी, अर्धे फाइली आणि सहीनंतर, दुरुस्त्यांच्या दोन फेऱ्या.

एक शंका राहिली. आत्याचा हट्ट आहे की लेबल पूर्ण मराठीत हवं, इंग्रजीचं अक्षर नको. चालेल ना?

ठाण्याची लोणची

समोरची बाजू खुशाल पूर्ण दिमाखात मराठी ठेवा. पण कायद्याने सक्तीचा मजकूर इंग्रजीत किंवा देवनागरी हिंदीत लागतो, मराठी त्याच्या जोडीला चालतं, त्याच्याऐवजी नाही. त्यामुळे मागच्या बाजूला जागा सोडायला डिझायनरला आत्ताच सांगा. पदार्थाचं नाव, घटक (वजनाने जास्त तो आधी), निव्वळ वजन, करांसह एमआरपी आणि प्रति ग्रॅम भाव, बॅच नंबर, तयार केल्याची आणि वापराची तारीख, नाव-पत्ता, ग्राहक तक्रारीसाठी फोन, शाकाहारी हिरवी खूण, एफएसएसएआयचं (सरकारी अन्नसुरक्षा संस्था) चिन्ह आणि १४ आकडी नंबर. हे सगळं मागाहून कोंबायला गेलं की सुंदर लेबलाची रया जाते. अक्षरांच्या उंचीचेही नियम आहेत, तेव्हा "बारीक करून बसवतो" हे चालत नाही.

मेतकुटात गहू घालता ना? मग ‘गहू आहे’ ही ॲलर्जीची सूचना इंग्रजीतही टाका. भाजणीत असेल तर तिथेही.

बॅच, तारीख आणि एमआरपी छापू नका, तेवढी कोरी चौकट ठेवा आणि शिक्का मारा किंवा छोट्या कोडिंग मशीनने टाका. आणि दादरच्या दुकानदाराला आजच विचारा की बिलिंगला बारकोड लागतो का. लागत असेल तर जीएस१ इंडिया या बारकोड देणाऱ्या संस्थेकडून घ्यावा लागेल, ८९० ने सुरू होणारा, आणि त्यालाही पांढरी जागा लागते.

भाजणीवाली

बारकोडचं डोक्यातही नव्हतं. दुकान आज बंद असतं, उद्या सकाळी फोन करून इथेच लिहिते.