आत्मकथनातले संवाद आणि विश्वासार्हता

"आत्मकथन कादंबरीसारखं वाचलं गेलं पाहिजे" हे मत मला अर्धंच पटतं. पकड हवी, मान्य. पण अलीकडच्या बऱ्याच आत्मकथनांत ती संवादांतून उसनी आणलेली असते. लेखक सहा वर्षांचा असतानाचं आईवडिलांचं भांडण अवतरणचिन्हांत, दीड पानभर, वाक्य न् वाक्य! इतकं कुणालाच आठवत नाही. एखादं तुटक वाक्य, आवाजाची पट्टी, धाडकन लागलेलं दार, एवढंच उरतं. बाकीचं "बहुधा असं काहीतरी म्हणाले असतील" म्हणून सांगितलं तर उलट विश्वास वाढतो.

या बाबतीत फ्रेंच लेखिका आनी एर्नो (२०२२चं साहित्याचं नोबेल) यांचं 'द इयर्स' जरूर वाचा. मूळ फ्रेंच पुस्तक २००८चं. स्वतःचं आयुष्य सांगताना त्या 'मी' टाळतात, 'ती' आणि 'आपण' वापरतात आणि एकेका जुन्या फोटोचं वर्णन करत काळ पुढे नेतात. फोटोत प्रत्यक्ष काय दिसतं आणि नंतर काय उमगलं, यांची सरमिसळ होत नाही. मला हे फार मोलाचं वाटतं.

आत्मचरित्रात्मक कादंबऱ्यांचं दुखणं वेगळं. "हे खरंच घडलंय" या भरवशावर दुय्यम पात्रं कच्ची राहतात. भाऊ किंवा शेजारीण घ्या आणि विचारा: निवेदकाशी संबंध नसलेली अशी यांची एखादी इच्छा आहे का? शंभर पानांपर्यंत उत्तर मिळालं नाही, तर पुढे सहसा मिळत नाही.