मदत हवी आहे: बारा वर्षांची नोकरी सोडून जॉबवर्कसाठी जुनं व्हीएमसी (संगणकावर चालणारं मिलिंग मशीन) घ्यावं का?

पंचगंगाकाठ
नमस्कार मंडळी. कोल्हापूरजवळच्या एका फाउंड्रीच्या (धातूच्या ओतकामाच्या कारखान्याच्या) मशीन शॉपमध्ये बारा वर्षं आहे. आधी ऑपरेटर, मग सेटर, आता सुपरवायझर. हातात ४८ हजार येतात. वय ३६. पत्नी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका, मुलगी चौथीत, आई आमच्याकडेच असते.

आमच्याकडचं बरंच मशीनिंग बाहेर मजुरीवर, म्हणजे जॉबवर्कला जातं. परचेसच्या साहेबांनी स्वतःहून विचारलं, "तू मशीन टाकलंस तर व्हॉल्व्ह बॉडीचे दोन पार्ट तुला देतो." ते दोन्ही पार्ट मीच प्रूव्ह केलेत, डोळे झाकून करीन. शिरोलीत एक जुनं व्हीएमसी १४ लाखांना मिळतंय. गोकुळ शिरगावात भाड्याने गाळाही बघून ठेवलाय.

महिन्याचा हिशेब असा. ११ लाख कर्ज, पाच वर्षं, ११ टक्के, हप्ता साधारण २४ हजार. गाळा १२. दोन ऑपरेटर ३६. वीज १५. इन्सर्ट (कापणाऱ्या हत्याराचं बदलायचं पातं), ड्रिल, कूलंट मिळून १५. वरखर्च ६. एकूण १ लाख ८ हजार. दर तासाला ३५० मिळेल. दोन शिफ्ट मिळून रोज १८ तास, २५ दिवस, म्हणजे ४५० तास. बिल १,५७,५००. उरले ४९,५००. पगाराइतकेच, पण मशीन आपलं.

शिल्लक ६ लाख आहे, त्यातले ३ मशीनला जातील. घर पत्नीच्या पगारात ओढूनताणून चालेल. वडिलांच्या नावचं घर गहाण ठेवायचं नाही, हे दोघांचं ठरलंय.

हिशेबात काय सुटलंय ते सांगा. "हिंमत कर" किंवा "नोकरी सोडू नको" एवढंच लिहायचं असेल तर ते घरी ऐकतोच आहे.

मायक्रॉन
हिशेब मांडून विचारलंत हे बरं केलं. आता त्यातलं ४५० खोडा.

१८ तास शिफ्ट चालते, स्पिंडल (हत्यार फिरवणारा दांडा) नाही. सेटिंग, इन्सर्ट बदलणं, पहिला पीस तपासणीला जाऊन परत येणं, कास्टिंगची (ओतून आलेल्या कच्च्या भागांची) गाडी दुपारी चारला येणं, ऑपरेटरच्या गावची जत्रा. शिवाय दर तासाचा बोलतात पण बिल पीसवर निघतं, आणि पीसचा सायकल टाइम ठरवताना समोरचा लोडिंग-अनलोडिंगची मिनिटं धरत नाही. आत्ता तुम्हीच कंपनीच्या बाजूने ते टाइम काढत असाल, तेव्हा तुम्हाला वेगळं सांगायला नको.

पहिल्या वर्षी ३५० तास धरा. बिल १,२२,५००. वीज आणि टूलिंग थोडं घटेल, खर्च एक लाख म्हणू. हातात २२ हजार. हा आकडा घरी सांगून बघा आणि मग ठरवा.

दुसरं. १४ लाखांत नुसतं मशीन येतं. टूल होल्डर, व्हाइस, फिक्स्चर, कॉम्प्रेसर, स्टॅबिलायझर, बोअर गेज, हाइट गेज, क्रेनचं भाडं, फाउंडेशन. जुनं-नवं मिळून तीन लाखांच्या आत बसवलंत तर नशीब.

खुळा_पैलवान
भावा, एकच विचारतो. त्या साहेबाची बदली झाली तर?

पंचगंगाकाठ
@मायक्रॉन, होल्डर आणि गेजचे पैसे धरलेच नव्हते. कंपनीत स्टोअरमधून चिठ्ठीवर मिळतं, डोक्यातच येत नाही.
@खुळा_पैलवान, साहेब चार वर्षं तरी हलत नाहीत असं वाटतं. पण लेखी काही नाही हे खरं.

हिशेबनीस
मी वर्कशॉपवाल्यांचीच खाती लिहितो. नफा-तोट्याचं वर आलंच आहे, मी पैसा कधी हातात येतो तेवढं बघतो.

पहिल्या महिन्याचं बिल महिनाअखेर. नव्वद दिवसांची बोली असेल तर पैसे चौथ्या महिन्याच्या शेवटी. तोपर्यंत दरमहा लाखभर बाहेर जाणार, म्हणजे चार लाख. तुमच्याकडे मशीननंतर तीन उरतात, त्यातून मायक्रॉन म्हणतात ते सामान. झालं, खिसा रिकामा. ग्रॅच्युइटी बघा: बेसिक २२ हजार असेल तर २२,००० भागिले २६, गुणिले १५, गुणिले १२, म्हणजे दीड लाखाच्या आसपास. तरीही दोन-अडीच लाख कमी पडतात. मशीनच्या कर्जासोबतच बँकेकडे कॅश क्रेडिट (रोजच्या खर्चासाठी लागेल तसं उचलायचं कर्ज) मागा. सीजीटीएमएसईच्या (लहान उद्योगांच्या कर्जाला हमी देणाऱ्या सरकारी ट्रस्टच्या) हमीखाली तारणाशिवाय कर्ज देता येतं, त्यामुळे घराचा विषय निघाला तर तुम्हीच हे नाव काढा. मुद्रा योजनेवर विसंबू नका: मर्यादा १० लाख, २० लाखांची नवी पायरी त्याच योजनेतलं आधीचं 'तरुण' गटाचं कर्ज फेडलेल्यांनाच.

जीएसटी: जॉबवर्क सेवेत धरतात, नोंदणीची मर्यादा २० लाख. तुमचा आशावादी हिशेबसुद्धा वर्षाला १८.९ लाखांचा, म्हणजे सक्ती नाही. पण बहुतेक कंपन्या नंबर असल्याशिवाय व्हेंडर कोड देत नाहीत, आणि टूलिंगवर भरलेल्या जीएसटीचं क्रेडिटही तुम्हाला हवंच. मात्र कर भरायचा तो बिलावर, पैसे आले की नाही हे सरकार विचारत नाही.

उद्यम नोंदणी (लहान उद्योग म्हणून सरकारी नोंद) पहिल्या दिवशी करा, फुकट आहे. लहान उद्योगांच्या एमएसएमईडी कायद्यात करार असला तरी ४५ दिवसांच्या वर थकवता येत नाही. थकलं तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. आकारणी वर्ष २०२४-२५ पासून आयकराच्या नियमामुळे (तो आला तेव्हाचं कलम ४३बी(एच)) मुदतीत न दिलेला खर्च कंपनीला त्या वर्षी वजाही मिळत नाही. ही सगळी कागदावरची ताकद. एकच गिऱ्हाईक असणारा माणूस त्याच गिऱ्हाइकाविरुद्ध तक्रार टाकताना मी पाहिलेला नाही. त्यापेक्षा कंपनीची उलाढाल २५० कोटींच्या वर आहे का ते बघा. असेल तर तिला ट्रेड्सवर (बिलं वटवायच्या ऑनलाइन मंचावर) नोंदणी बंधनकारक आहे. तिथे कंपनीने बिल मान्य केलं की बँक वटाव कापून पैसे आधी देते.

अनघा_के
यंत्रातलं मला कळत नाही. पण राजीनाम्यासोबत कंपनीची ग्रुप मेडिक्लेमही जाते. आईंना शुगर-बीपी असेल तर नव्या पॉलिसीत आधीच्या आजारांना तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. नोकरीत असतानाच त्याच विमा कंपनीकडे वैयक्तिक पॉलिसीत बदलून मिळते का ते विचारा, थांबलेला काळ धरला जातो. आणि वहिनींना विचारलंत का हो? "ओढूनताणून चालेल" हे त्यांचं वाक्य आहे की तुमचं?

शिरोलीवाला
नऊ वर्षं स्वतःचं युनिट चालवतोय. दोन गोष्टी, बाकी वर आलंच.

रिजेक्शन. दुसऱ्या ऑपरेशनला ब्लो होल (कास्टिंगच्या आतली हवेची पोकळी) उघडा पडला तर तोवरच्या मशीनिंगचे पैसे मिळणार का? आणि तुमच्या हातून बोअर मोठा झाला तर अख्ख्या कास्टिंगची डेबिट नोट (बिलातून पैसे कापल्याचा कागद) येणार का? पीओवर (खरेदीच्या लेखी ऑर्डरवर) हे स्पष्ट नसेल तर महिन्याचा नफा एका डेबिट नोटेत जातो. किती टक्क्यांपर्यंत माफ, ते लिहूनच घ्या.

मशीन बघायला जाल तेव्हा रंगाला भुलू नका. स्पिंडलला टेस्ट बार (तपासणीचा अचूक दांडा) लावून रनआउट (फिरताना किती डगमगतो) बघा, डायल लावून तिन्ही अक्षांचा बॅकलॅश (ढिलेपणा) बघा, पॅरामीटरचा बॅकअप आहे का विचारा. जमलं तर स्वतःचं कास्टिंग नेऊन तोच पार्ट कापा. विकणाऱ्याने नकार दिला तर चहा पिऊन परत या. मशीनवर कुठल्या बँकेचा बोजा नाही, हे कागद बघितल्याशिवाय टोकन देऊ नका.

आणि मशीन घ्यायच्या आधी दुसरं गिऱ्हाईक शोधा. आठवड्याला दोन दिवसांचं काम असलं तरी चालेल, दर थोडा पडला तरी चालेल.

पंचगंगाकाठ
सगळ्यांचे आभार. @अनघा_के, वाक्य माझंच होतं. रात्री दोघं वही घेऊन बसलो. तिचं म्हणणं, २२ हजारांवर एक वर्ष निघेल, पण दुसरं वर्षही तसंच गेलं तर मशीन विकायचं हे आत्ताच लिहून ठेवायचं. लिहिलं.

एक ऑपरेटर कमी करून पहिली शिफ्ट मी स्वतः उभा राहणार, म्हणजे १८ हजार वाचतील. साहेबांकडे रेट, मुदत आणि रिजेक्शन लिहून मागितलं तर "एवढं काय लगेच, बघू" म्हणाले. पीओ हातात येईपर्यंत राजीनामा नाही. दरम्यान कागलच्या पंचतारांकित वसाहतीत एका पंपवाल्याकडे चौकशी लावलीय.

मशीन मात्र रविवारी बघून येतो, बघायला काय जातंय. कुणाकडे एका दिवसासाठी टेस्ट बार मिळेल का? भाडं देईन.

शिरोलीवाला
माझ्याकडे आहे, बीटी-४० चा. त्या मशीनचा टेपर (स्पिंडलच्या निमुळत्या तोंडाचं माप) ४० आहे की ३०, ते आधी फोन करून विचारा. ४० असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, शनिवारी घेऊन जा. भाड्याचं काही नाही, पण डबीतून काढाल तर पुसून, तेल लावून परत ठेवा.