सई म्हणजे ‘साई’चं स्त्रीलिंग नव्हे

फलटणची लेक: काल इथे एकाने ठोकून दिलं, ‘सई हे मालिकांनी आणलेलं नवं नाव, साईबाबांच्या नावाचं मुलींसाठी केलेलं रूप.’ रात्रभर डोक्यातून जाईना. माझ्या आजीचं नाव सई. ते कुठल्या मालिकेतून आलं? सई परांजपेंचा जन्म १९३८चा. आणि आमच्या निंबाळकरांची लेक, महाराजांच्या राणीसाहेब सईबाई, १६५९ साली राजगडावर वारल्या. शिर्डीत साईबाबा आले ते त्यानंतर जवळजवळ दोनशे वर्षांनी! सई म्हणजे सखी. सखी, सही, सई. गाथासप्तशती या जुन्या प्राकृत काव्यसंग्रहातल्या बायका मैत्रिणीला ‘सहि’ म्हणतात, तीच जात्यावर ‘सये’ झाली.

गाथावाचक: साई नव्हे, हे मान्यच. पण सखीचं एवढं सरळ नाही. महाराष्ट्री प्राकृतात, म्हणजे मराठीच्या पूर्वज भाषेत, दोन स्वरांमधल्या ‘ख’चा ‘ह’ होतो आणि ‘त’, ‘द’ गळतात. गतीची गइ, नदीची णई, तशी सतीची सई. सखीची होते ‘सही’. म्हणजे ‘सई’ हे रूप जसंच्या तसं मिळतं ते सतीचं.

फलटणची लेक: मराठी काय प्राकृतावर थांबली? पाहुण्याचा पावणा झाला, बोलताना ‘नाही’चं ‘नाई’ होतं. तसाच ‘सही’तला ‘ह’ गेला. आणि दळताना आजी ‘सयांनो’ म्हणायची, ती काय पतिव्रतांना हाक मारत होती?

गाथावाचक: ओवीतला शब्द सखीचाच, तिथे वाद नाही. पण नाव त्याच शब्दावरून ठेवलं याला पुरावा काय? सती हे दाक्षायणीचं नाव आहे, ते लेकीला ठेवण्यात गैर काय होतं?

रत्नांग्रीकर: आमच्याकडे ‘सय’ म्हणजे आठवण. आई गेली त्या वर्षी मुलगी झाली, म्हणून सई. तुमची व्याकरणं राहू द्या.

गाथावाचक: तुमच्या भावनेचा आदर आहे, पण ती व्युत्पत्ती नव्हे.

सईचा बाबा: सखी असो नाहीतर सती, माझा प्रश्न स्पेलिंगचा आहे. आम्ही एस-ए-आय लिहिलं. परीक्षेला तिला मुलांच्या रांगेत बसवलं, नाव पुकारलं ‘साई’. पोरगी रडत घरी आली. विमानाच्या तिकिटावर तर ‘मास्टर’ छापून आलं.

बे एरियातली मावशी: भाचीचं एस-ए-ई-ई आहे. इकडे अमेरिकेत तिला ‘से’ म्हणतात, नाहीतर ‘सी’. एस-ए-वाय-ई-ई करा, निदान दोन अक्षरं तरी ऐकू येतात.

रत्नांग्रीकर: इंग्रजीसाठी नाव का वाकवायचं? त्यांना उच्चार शिकवा!

सईचा बाबा: तुमची मुलगी बसली होती का त्या रांगेत? नाही ना? मग शिकवा-शिकवा करू नका.

रत्नांग्रीकर: माझ्याही मुलीला वर्गात साई म्हणायचे. तिनेच फळ्यावर देवनागरीत नाव लिहून दाखवलं, सातवीत असताना. म्हणून बोललो.

सईचा बाबा: बरं. तुमची धीट निघाली. माझी नाही.

फलटणची लेक: आजीच्या रेशनकार्डावर देवनागरीत ‘सई’ होतं. साई कुणी वाचलं नाही.

सईचा बाबा: ताई, त्यांना पासपोर्ट काढायचा नव्हता.

गाथावाचक: मूळ मुद्द्यावर येऊ? कालपासून ‘सये’ डोक्यात घोळतंय. माझी आईही दळताना म्हणायची. ‘सई’ म्हणजे मैत्रीण हा अर्थ मराठी बायकांच्या तोंडी जिवंत होता, त्यामुळे नाव ठेवणारीच्या मनात सखीच असणार, एवढं मी मानतो. पण प्राकृतात सतीची सई होते, ते मी सोडणार नाही.

फलटणची लेक: नका सोडू. सखी मानलीत, मला तेवढं पुरे.

सईचा बाबा: लेकीला दोन्ही अर्थ वाचून दाखवले. मैत्रीणवाला आवडला. राजपत्रात नावबदलाचा अर्ज करतोय, एस-ए-वाय-ई-ई. मावशी, दाखल्यावरचं जुनं स्पेलिंग बदलायला काय काय कागद लागतात, ते सांगाल का?