सांगलीच्या उन्हात फेरेट: शिकवून घरात रुळतो, की हा आपलाच हट्ट?

कृष्णाकाठ
मंडळी, परवा एक ओळखीचे घरी आले, आमचा फेरेट (मुंगसासारखा दिसणारा लांबुडका पाळीव प्राणी) बघितला आणि "मुंगूस कधी माणसाळतं का? रानातलं जनावर कोंडून ठेवलंय" असं तोंडावर सुनावून गेले. म्हणून हा धागा.

मुंगूस आपल्याकडचा वन्यजीव, १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे तो पाळताच येत नाही. फेरेटची गोष्ट वेगळी. युरोपातल्या पोलकॅट नावाच्या छोट्या रानटी शिकारी प्राण्यापासून माणसानं दोन हजार वर्षांपूर्वीच तो पाळीव केला, सशांच्या बिळात सोडण्यासाठी. त्याला घरात शिकवता येतं असं माझं ठाम मत आहे. कुत्र्याच्या पद्धतीनं मात्र नाही.

आमची ही फेरेट, चिंगी, सांगलीत विश्रामबागच्या फ्लॅटमध्ये आली तेव्हा दहा आठवड्यांची होती. पहिले पंधरा दिवस रोज माझ्या अंगठ्यात दात. त्यात राग नसतो. पिल्लं एकमेकांशी अशीच खेळतात, त्यांची कातडी जाड असते. फटका मारला तर घाबरून आणखी घट्ट धरते. आम्ही एकच नियम ठेवला: दात लागला की खेळ बंद. पोटाखाली हात देऊन उचलायचं, "नाही" म्हणायचं आणि दोन-तीन मिनिटं पिंजऱ्यात. दीड महिन्यात चावणं थांबलं.

शीचं म्हणाल तर, खाल्लेलं तीन-चार तासांत बाहेर येतं. झोपून उठली की थोड्या वेळात शेपटी वर करून कोपऱ्याकडे उलटी सरकत जाते. सरकायला लागली की उचलायची आणि ट्रेमध्ये ठेवायची. आज दहातल्या आठ वेळा ट्रेमध्ये करते, उरलेल्या दोन वेळा फ्रिजमागे.

हळदगल्ली
सहमत नाही. ट्रेचं सगळं खरं असेल, पण मूळ मुद्दा ऊन आहे आणि तो तुम्ही सोडलात. फेरेटला घाम जवळजवळ येतच नाही, तिशीच्या वर पारा गेला की उष्माघाताची भीती. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो.

माझ्या मावसभावाकडे होता एक. मे महिना, दोघंही कामावर, दुपारी तीन तास लाईट गेली. परत आले तर फरशीवर पसरलेला, तोंड उघडं, हिरड्या लालभडक. ओल्या फडक्यानं पाय पुसत गाडीवरून डॉक्टरांकडे नेला, वाटेतच गेला. हाकेला यायचा तो, ट्रेही वापरायचा. ऊन सोसायला कसं शिकवणार?

मिरजेची माई
चिंगीचं नसबंदीचं ऑपरेशन केलंत का? मादी माजावर आली आणि नर मिळाला नाही तर माज उतरत नाही. इस्ट्रोजेन हे मादीचं हार्मोन वाढत जातं, हाडांतल्या मज्जेत रक्त तयार होणं थांबतं आणि जीव जातो. ट्रेच्या आधी हे लिहायला हवं होतं. घरात कुणाला फ्लू असेल तर त्यानं तिला हात लावू नये. माणसाचा फ्लू फेरेटला लागतो. १९३३ साली लंडनच्या शास्त्रज्ञांना माणसाच्या फ्लूचा विषाणू वेगळा करता आला तो फेरेटमुळेच.

अजिंक्यतारा
मी साताऱ्याचा, आणि मी कृष्णाकाठ यांच्या बाजूचा. आमच्याकडे चीं-चीं वाजणारं रबरी बदक आहे. ते वाजवलं की उकडलेल्या चिकनचा एक तुकडा, असं दोन महिने न चुकता केलं. एकदा बाथरूमच्या पाइपशेजारच्या भोकात शिरला (डोकं मावलं की सगळं अंग मावतं, भोकं आधी बुजवा). दहा मिनिटं बदक वाजवत बसलो, जाळं-जळमटं अंगावर घेऊन आला बाहेर. एक मात्र सांगतो, हा प्राणी पूर्ण मांसाहारी आहे. दूध-चपातीवर जगत नाही. शाकाहारी घरानं आणूच नये.

कृष्णाकाठ
माई, ऑपरेशन झालंय, पुण्याला नेऊन. इथल्या दोन डॉक्टरांनी प्रामाणिकपणे सांगितलं की आम्ही फेरेट कधी हाताळलेला नाही.

हळदगल्ली, वाचून फार वाईट वाटलं. आमच्याकडे चिंगीच्या खोलीत एसी आहे. लाईट गेली तर फ्रीजरमध्ये गोठवलेल्या बाटल्या टॉवेलात गुंडाळून तिच्या झोळीशेजारी ठेवतो. आई दिवसभर घरी असते.

हळदगल्ली
म्हणजे एसी, दिवसभर घरात माणूस आणि ऑपरेशनला पुणे. सांगलीतल्या किती घरांना हे जमेल? तुमचा धागा वाचून उद्या कुणीतरी पिल्लू आणेल आणि चावणं कसं थांबवायचं तेवढंच शिकेल. माझा राग त्यावर आहे, चिंगीवर नाही.

कृष्णाकाठ
शिकवता येतं हे मत मी बदललेलं नाही. पण तुमचं म्हणणं रास्त आहे, एसी आणि डॉक्टरांचं मी पहिल्याच पोस्टमध्ये लिहायला हवं होतं. चिंगीला जोडीदार आणायचं ठरलं होतं, ते पावसाळ्यापर्यंत थांबवलंय. त्या हिरड्यांचं वाचल्यापासून झोप नीट लागली नाही. रात्री दोनदा उठून तिच्या खोलीतला थर्मामीटर बघितला. २६ होता.