वाईत इतिहासावरची मोफत व्याख्यानं कुठे ऐकायला मिळतात? (बाबांसाठी हवंय)

मधली_सुट्टी
दिवाळीनंतर आम्ही पुण्याहून वाईला राहायला आलो. बाबा पंचाहत्तरीचे, आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला. पुण्यात त्यांचं छान चाललं होतं. भारत इतिहास संशोधक मंडळात काही कार्यक्रम असला की पिशवीत वही आणि पाण्याची बाटली टाकून निघायचे. इथे सकाळी पेपर, दुपारी पेपर, संध्याकाळी पुन्हा तोच पेपर.
अटी अशा: गुडघे दुखतात, त्यामुळे जमिनीवर बसणं आणि जास्त पायऱ्या जमत नाहीत. डाव्या कानाने कमी ऐकू येतं. रात्री फार उशीर नको. आणि कृपया यूट्यूब सुचवू नका, ते करून झालं. "त्याला प्रश्न कुठून विचारायचा?" म्हणून त्यांनी फोन परत दिला.

आळीतला
वाईत राहून हे विचारताय म्हणजे कमाल आहे! मे महिन्यात लोकमान्य टिळक स्मारक संस्थेची वसंत व्याख्यानमाला असते. पुण्याची १८७५ सालची, न्यायमूर्ती रानड्यांची, ती सगळ्यांना माहीत असते. आमची तिच्यानंतरची, पण तिनेही शंभरी ओलांडली आहे. रोज संध्याकाळी एक वक्ता, तिकीट नाही. सगळेच विषय इतिहासाचे नसतात हे आधीच सांगून ठेवतो. अर्थकारण, शेती, साहित्य, एखादी मुलाखत असंही असतं. एप्रिलच्या शेवटी पत्रिका मिळते, ती आणा आणि बाबांच्या हातात लाल पेन द्या. शिक्षक आहेत, पुढचं त्यांचं ते बघतील.
कानाचं म्हणाल तर स्पीकरच्या खांबाजवळ बसवू नका, घुमतं. पुढून तिसरी रांग, उजवा कान व्यासपीठाकडे.

कृष्णाकाठ
मेपर्यंत कशाला थांबायचं? कृष्णाबाईचे उत्सव सुरू झाले की घाटाघाटावर काहीतरी असतंच. भीमकुंड, धर्मपुरी, गंगापुरी, मधली आळी, गणपती आळी, ब्राह्मणशाही, रामडोह, प्रत्येकाचा उत्सव वेगळा. कीर्तन, गाणं आणि अधूनमधून व्याख्यान. अफजलखानाच्या स्वारीच्या वेळी शिवाजी महाराजांसाठी कृष्णेला नवस बोलला आणि तेव्हापासून हा उत्सव, असं इथे सांगतात.
कीर्तनाला नाक मुरडू नका हं. उत्तररंगात, म्हणजे कथेच्या भागात, चांगला बुवा भेटला तर पेशवाईतला प्रसंग असा उभा करतो की प्राध्यापकांनी वही काढावी. फक्त घाटाच्या पायऱ्या आहेत, तेव्हा काकांसाठी वर, रस्त्याच्या अंगाला खुर्ची टाकून द्यायला सांगा. कोणीही देईल.

दुसरी_घंटा
सरसकट सगळीकडे नेऊ नका, एवढंच सांगेन. गेल्या वर्षी शेजारच्या तालुक्यात एका मंडळाच्या शिवजयंतीच्या व्याख्यानाला गेलो होतो. वेळ सहाची. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, अकरा जणांचे सत्कार (मी मोजले), मग 'दोन शब्द' बोलायला उठलेल्यांचे पाऊण तास. वक्ता माईकपाशी आला तेव्हा आठ वाजत आले होते. त्यानेही पुढे तासभर नुसत्या आरोळ्या दिल्या. कुठलं पत्र नाही, बखर नाही, तारीख नाही. आभारप्रदर्शनात "वेळेअभावी प्रश्नोत्तरं होणार नाहीत". तुमच्या बाबांना तिथे नेलं असतं तर दुसऱ्या दिवशी त्यांनी पेपरही वाचला नसता.

आळीतला
@दुसरी_घंटा, नारळ-शाल उद्योगाला जागतिक बाजारपेठ आहे, आपण काय बोलणार!

मोडी_गिरवतोय
दुसरी_घंटा यांच्या तक्रारीतच उत्तर आहे. पत्रिका हातात आली की मी दोन गोष्टी बघतो. एक, विषय किती अरुंद आहे. 'मराठ्यांचा देदीप्यमान इतिहास' असेल तर घरीच चहा पितो. 'वाई परगण्यातली वतनं' किंवा 'एका वाड्याचे जमाखर्च' असेल तर पाऊस असला तरी जातो. दोन, वक्त्याने स्वतः दप्तरात बसून कागद वाचलेत का. असा माणूस बोलता बोलता "इथे कागद गप्प आहे" असं सहज म्हणून जातो. आरोळ्या देणाऱ्याकडे हे वाक्यच नसतं.
आणि आपण राहतो ते गाव कुठलं आहे, बघा. इतिहासकार वि. का. राजवाडे यांच्या 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड १८९८ सालचा. पानिपतच्या आगेमागे लिहिलेली त्यातली पत्रं वाईत सापडलेली आहेत. तुमच्या बाबांनी वर्गात पानिपत शिकवताना जे सांगितलं असेल, त्यातलं बरंचसं आपल्या गावातल्या कागदांवर उभं आहे.
काकांना मोडी लिपी येते का? नसेल तर शिकायला वय लागत नाही. आमच्या वर्गात एक आजी होत्या, दोन महिन्यांत माझ्यापुढे गेल्या.

मधली_सुट्टी
सगळ्यांचे आभार. मोडीचं वाचून दाखवलं, तर म्हणाले, "थोडी येते, पण र आणि ल मध्ये गफलत होते." मला हे आजवर माहीतच नव्हतं! मेला वेळ आहे, तोवर कुठे नेऊ?

कमळगड_पायथा
मेणवलीला घेऊन जा. तिथे नाना फडणीसांचा वाडा आहे, घाट आहे आणि घाटावर ती पोर्तुगीज घंटा. रविवारी भटकंतीवाले ग्रुप येतात, त्यांच्यातला कोणीतरी माहिती सांगत असतो. बाजूला उभं राहून ऐकलं तर कोणी हाकलत नाही. घाट उतरावा लागेल, तेवढं काठी घेऊन.

दुसरी_घंटा
हाकलत नाहीत, पण "१७३९ साली चिमाजी आप्पांनी वसई जिंकली आणि नानांना घंटा दिली" हे तिथे हमखास ऐकवतात. नानांचा जन्म १७४२चा.

कमळगड_पायथा
अरेच्चा, खरंच की! मी स्वतः हेच शंभर जणांना सांगितलंय.

मोडी_गिरवतोय
घंटा वसईच्या मोहिमेतली म्हणतात ते ठीक. तिच्यावर मेरी आणि बाळ येशू आहेत, १७०७ हा आकडाही आहे. अडतं ते मधल्या काळात: १७३९ला उतरलेली घंटा नानांच्या मेणवलीत कशी पोचली? व्याख्यानाचा विषय म्हणतात तो हा, वक्त्याला मुद्दाम विचारण्यासारखा.

पानाच्या_टपरीवरून
एक वेगळंच सुचवतो. व्याख्यान ऐकायलाच हवं असं कुठे आहे, काका देऊ शकतात की. आमच्या भागातल्या वाचनालयात महिन्यातून एकदा दहा-पंधरा जण जमतात. हार नाही, अध्यक्ष नाही, माईकही नाही. खर्च म्हणजे चहाचा. एकाने वीस मिनिटं बोलायचं, उरलेला वेळ भांडायचं. मागच्या महिन्यात नानासाहेब पेशव्यांच्या पत्नी गोपिकाबाईंवर झालं. त्या वाईच्या रास्त्यांची लेक, त्यामुळे निम्म्या लोकांना त्या माहेरवाशीणच वाटतात आणि त्यांच्याविरुद्ध शब्द ऐकून घेत नाहीत. जाम मजा आली. तयारीला पैसा लागत नाही. मराठी विश्वकोशाच्या नोंदी इंटरनेटवर फुकट आहेत, आणि विश्वकोशाचं काम तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींपासून इथेच चालत आलंय.

मधली_सुट्टी
हे दाखवलं तर "मी आता काय बोलणार" म्हणाले. मग अर्ध्या तासाने कपाटावरची ट्रंक खाली काढायला लावली.

मधली_सुट्टी
(महिन्याभराने) कळवायचं राहून गेलं. मेणवलीला जाऊन आलो. बाबा घाट उतरले, हळूहळू पण उतरले. तिथे एक मुलगा तीच १७३९ची गोष्ट सांगत होता. मी मनात म्हटलं, आता झालं. पण बाबांनी त्याला बाजूला घेतलं आणि विचारलं, "बाळ, नाना तेव्हा किती वर्षांचे असतील रे?" पोराने बोटं मोजली, लाजला, मग खो खो हसला. आता तो दर रविवारी फोन करतो.
वाचनालयात बाबांचा नंबर पुढच्या महिन्यात आहे. वीस मिनिटांची अट त्यांना मान्य नाही, चाळीस मागतायत. @पानाच्या_टपरीवरून, तुमच्याकडे शाळेची घंटा असेल तर घेऊन या.

पानाच्या_टपरीवरून
आणतो. खुर्ची दाराजवळची ठेवलीय, उजवा कान लोकांकडे येईल अशी.