सकाळच्या शिंका, सातवीण आणि पार्किंगमागचं गवत

सुनीता (बी-३०४): चार दिवस झाले, लेक सकाळी उठली की सलग दहा-बारा शिंका. नाकातून नुसतं पाणी, डोळे चोळून चोळून लाल. ताप अजिबात नाही. अजून कोणाकडे आहे का असं?

जोशी काका (ए-१०१): आमच्याकडे मीच. गेटजवळची सातवीण फुललीय, रात्री खिडकी उघडली की डोकं भणभणतं. ते झाड काढा म्हणून गेल्या ऑक्टोबरातही सांगितलं होतं मी.

मेधा (सी-२०२): काका, उग्र वास दम्याच्या माणसाला सोसत नाही, हे खरंच आहे. सध्या रात्री त्या बाजूची खिडकी लावून घ्या. पण सातविणीचे पराग किडे नेतात, वाऱ्यावर फारसे उडत नाहीत. आणि झाड तोडायचं तर महापालिकेची परवानगी लागते. त्यापेक्षा पार्किंगच्या मागे जाऊन बघा. कंपाउंडलगत कमरेएवढं गाजरगवत उभं आहे, साबुदाण्याएवढ्या पांढऱ्या फुलांनी भरलेलं. त्याच्या परागांनी नाक-डोळे धरतात, अंगावर पुरळही येतं. आपल्या पुण्यातच १९५५ च्या सुमारास त्याची नोंद झाली, आता देशभर पसरलंय.

संदीप (सेक्रेटरी): उद्या माळीदादांकडून उपटून घेतो आणि तिथेच जाळून टाकतो.

मेधा (सी-२०२): जाळू नका हो, प्लीज! धूर घराघरांत जाईल. आणि दादांना उघड्या हातांनी अजिबात लावू नका. गेल्या वर्षी मी कुंडीतली चार रोपं तशीच उपटली. दुसऱ्या दिवशी पापण्या इतक्या सुजल्या की डोळे उघडेनात. मनगटं आणि कोपराच्या घड्या पंधरा दिवस खाजत होत्या. रबरी मोजे, पूर्ण बाह्या, तोंडाला मास्क. आधी पाणी मारून जमीन भिजवायची म्हणजे मुळासकट येतं. नुसतं कापलं तर बुडातून पुन्हा फुटतं. आणि हे आत्ताच, बी गळायच्या आत. एका झाडाला हजारोंनी बिया धरतात.

सुनीता (बी-३०४): सासूबाई म्हणतायत, घरात मागच्या वेळची अँटिबायोटिकची पट्टी उरलीय, ती सुरू कर.

डॉ. शैला काकू (बी-१०२): नको गं, अजिबात नको. ॲलर्जीवर अँटिबायोटिकचा काही उपयोग नाही. ताप नाही, खाज आहे, पाणी पातळ आहे, म्हणजे बहुतेक ॲलर्जीच. मुलांच्या डॉक्टरांना एकदा दाखव. त्यांनी नाकाचा स्प्रे दिला तर तो रोज मारायचा. दोन दिवसांत फरक नाही म्हणून सोडायचा नाही, पूर्ण गुण यायला आठवडा-दोन आठवडे लागतात. नाक मिठाच्या पाण्याने धुणार असाल तर पाणी उकळून गार केलेलंच घ्या. छातीतून शिट्टीसारखा आवाज आला किंवा धाप लागली तर मात्र थांबायचं नाही, लगेच जायचं.

आणि बायांनो, दिवाळीची साफसफाई! पंखे ओल्या फडक्यानं पुसा, कोरड्या झाडूनं नव्हे. तेवढा वेळ लेकीला मैत्रिणीकडे पाठव, सुनीता. माळ्यावरच्या गोधड्या काढल्या काढल्या अंगावर घेऊ नका. धुळीतले बारीक किडे त्यांतच असतात. कडक गरम पाण्यात धुऊन, खडखडीत वाळवून मगच वापरा.

सुनीता (बी-३०४): आत्ताच तिची चादर-उशी काढली धुवायला. उद्याची अपॉइंटमेंटही घेते.

संदीप (सेक्रेटरी): मग रविवारी सकाळी सातला, पार्किंगमागे. मोजे-मास्क सोसायटी आणेल. उपटलेलं गवत पोत्यांत भरून तोंड बांधायचं. किती जण येताय?

जोशी काका (ए-१०१): मी येतो. माझ्याकडे रबरी मोज्यांचे दोन जोड आहेत.

मेधा (सी-२०२): काका, मोजे द्या, पण तुम्ही लांबून पाण्याचा पाइप धरा. गवताजवळ यायचं नाही.

जोशी काका (ए-१०१): बरं. पाइप माझ्याकडे.