मदत हवी आहे : फिश टँकमधली झाडं कुजतायत, शेवाळ मात्र जोरात. लाइट किती वेळ ठेवू?

नमस्कार मंडळी,

आमच्याकडे दोन फुटी टँक आहे (२४ × १२ × १२ इंच, खडी वगळून साधारण ५० लिटर पाणी). गप्पी, निऑन टेट्रा आणि तळाशी कोरिडोरा आहेत. मासे ठणठणीत आहेत, खातात-पितात, गप्पींना पिल्लंही झाली. पाणी नाशिक महापालिकेचं, क्लोरीन काढून टाकून घालते. दर आठवड्याला पाव टँक पाणी बदलते. अडचण सगळी झाडांची आहे.

लाइट १८ वॅटचा एलईडी : पांढऱ्या, निळ्या आणि लाल दिव्यांच्या ओळी. झाडं वाढवायची तर रोज १२ तास लाइट हवाच, असं दुकानात सांगितलं होतं, त्याप्रमाणे ठेवते. टँक खिडकीपासून लांब आहे.

आता एकेक झाडाचं सांगते. वॅलिसनेरिया मस्त आहे, खडीतून धुमारे टाकत पसरतेय. क्रिप्टोकोरिनची पानं आणल्यावर आठवड्याभरात काचेसारखी पारदर्शक होऊन गळली. अनुबियासच्या पानांच्या कडांना काळ्या केसांचे बारीक झुपके आलेत, बोटाने घासले तरी निघत नाहीत. जावा फर्नच्या जुन्या पानांना टाचणीने टोचल्यासारखी भोकं पडलीत. शिवाय जांभळ्या, सुरकुतलेल्या पानांचं एक आणि हिरव्या-पांढऱ्या पट्ट्यांचं एक, अशी दोन झाडं दुकानातून ‘पाण्यातली’ म्हणून मिळाली होती. दोन्हींचे देठ बुडापासून मऊ पडलेत. समोरच्या काचेवर हिरवे कडक ठिपके आहेत ते वेगळेच.

आता कोणी म्हणतं लाइट वाढव, कोणी म्हणतं कमी कर, कोणी थेट सीओटूचा (झाडांना लागणाऱ्या कार्बन डायऑक्साइडचा) सिलिंडर घ्यायला सांगतं. प्लास्टिकची झाडं मला लावायची नाहीत. गप्पीची पिल्लं वॅलिसनेरियाच्या पात्यांत लपतात, ते बघायला घरातले सगळे टँकपाशी बसतात. हा टँक खऱ्या झाडांनीच भरलेला हवाय. नेमकं काय करू?

प्रतिसाद

ताई, आधी ती दोन झाडं आजच बाहेर काढा. वर्णनावरून जांभळं ते हेमिग्राफिस आणि पट्ट्यांचं ते ड्रसीना, म्हणजे लकी बांबूच. दोन्ही जमिनीवरची. मुळं ओली चालतात, पण पानं पाण्याखाली गेली की ती हळूहळू कुजतात आणि ती कूज शेवाळाला खाद्य पुरवते. कुंडीत लावा, अजून जगतील. अशी झाडं सर्रास टँकची म्हणून विकली जातात आणि मासे पाळायला नुकतीच सुरुवात केलेला माणूस स्वतःलाच दोष देत बसतो, याचा मला खरंच राग येतो.

क्रिप्टो उपटू नका! नर्सरीत ती बहुतेक वेळा पाण्याबाहेर वाढवलेली असते. पाण्यात आली की जुनी पानं टाकते आणि मुळांतून नवी काढते. आपल्या सह्याद्रीतल्या नद्या-ओढ्यांत क्रिप्टोकोरिन स्पायरालिस उगवते, इतकी चिवट जात आहे ही. मुळाशी खडीत खताची गोळी खुपसा आणि महिनाभर हात लावू नका.

आता लाइट. नुसत्या वॅटवरून अंदाज येत नाही, खोक्यावर ल्युमेन (उजेडाचं माप) बघा. सिलिंडर नसलेल्या टँकला लिटरमागे १५-२० ल्युमेन पुरे, म्हणजे तुम्हाला हजारच्या आत. १८ वॅटचा एलईडी सहज दीड हजाराच्या पुढे जातो. उजेड म्हणजे गाडीचा अ‍ॅक्सिलरेटर समजा : तो दाबला की झाडाला सीओटू आणि खतही त्याच वेगाने लागतं. ते मिळालं नाही की झाड अडतं आणि उरलेल्या उजेडावर शेवाळ वाढतं. अनुबियास आणि जावा फर्न मुळात संथ वाढणारी, सावलीतली झाडं. त्यांच्या पानांवर १२ तास असा उजेड पडला तर शेवाळ येणारच.

लाइट ६-७ तासांवर आणा. टायमरचा प्लग लावा, म्हणजे वेळ रोज एकच राहील. तुम्ही संध्याकाळी बघत असाल तर दुपारी ४ ते रात्री १० ठेवा, झाडांना काही फरक पडत नाही. लाइट चार-पाच इंच वर उचलता आला तर उत्तम. अनुबियासचं आडवं खोड खडीत पुरलेलं असेल तर बाहेर काढून दगडाला दोऱ्याने बांधा, नाहीतर तेही कुजेल. सिलिंडरची तुम्हाला गरज नाही.

आणखी एक प्रतिसाद

वरच्याशी सहमत, थोडी भर घालतो. जावा फर्नची भोकं बहुधा पोटॅशियमच्या कमतरतेची. पोटॅशियम असलेलं द्रवखत बाटलीवरच्या निम्म्या मात्रेने सुरू करा. काळे झुपके फार असलेली पानं सरळ कापा. त्यावर ‘लिक्विड कार्बन’ नावाचं बाटलीतलं द्रव घाला असं कोणी सांगेल, पण त्यातल्या ग्लुटाराल्डिहाइडने वॅलिसनेरिया वितळते. तुमचं सगळ्यात छान चाललेलं झाड तेच आहे, ते जपा.

भराभर वाढणारं काहीतरी हवंच : हॉर्नवर्ट किंवा वॉटर स्प्राइट. पाण्यातलं जास्तीचं नायट्रेट ती ओढून घेतात. तळ्यातून हायड्रिला आणणार असाल तर आधी वेगळ्या बादलीत ठेवून नीट तपासा, चतुराच्या अळ्या आल्या तर गप्पीची पिल्लं फस्त करतील.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार! जांभळं आणि पट्ट्यांचं, दोन्ही कुंडीत गेली. अनुबियासचं खोड खरंच अर्धं खडीत होतं, आता दगडावर बांधलंय. टायमर ४ ते १० लावला. दोनच शंका : रात्री हवेचा पंप बंद करू का? आणि काचेवरचे ठिपके स्पंजने निघत नाहीयेत.

प्रतिसाद

पंप रात्री चालूच ठेवा. अंधारात झाडंही माशांसारखीच ऑक्सिजन वापरतात. ठिपक्यांसाठी जुनं एटीएम कार्ड घ्या आणि काचेला तिरपं टेकवून वरून खाली खरवडा. खालच्या कडेला खडीचा कण अडकू देऊ नका, काचेवर ओरखडा कायमचा राहतो.